मेगापिक्सेल किती हवे?

मनुष्याच्या मनास संख्येचा मोठा मोह आहे. शेत किती खंडी पिकलें, परीक्षेंत किती गुण मिळाले, लग्नास किती माणसें जमलीं, हें सांगतांना आपण आंकडा आधीं सांगतों व गुणदोषांचा विचार मागाहून करितों. आंकडा सांगावयास सोपा, लक्षांत ठेवावयास सोपा, आणि शेजाऱ्याच्या आंकड्याशीं ताडून पाहावयास तर त्याहूनही सोपा. व्यापाऱ्यास मनुष्यस्वभावाचें हें वर्म पुरतें ठाऊक असतें. म्हणूनच कॅमेरा किंवा कॅमेऱ्याचा फोन विकतांना तो भिंगाचे गुण सांगत बसत नाहीं; एक मोठा आंकडा ठळक अक्षरांत पुढें करितो. त्या आंकड्याचें नांव मेगापिक्सेल.

१२, ५०, १०८, २०० अशी या आंकड्यांची चढती भाजणी आहे. परीक्षेचा निकाल लागला किंवा दिवाळी जवळ आली, कीं घरोघर यांवरून बोलणीं सुरू होतात. “बाबा, त्याच्या फोनला २०० आहेत, मग मला ५० चा कशाला?” असें मुलगा म्हणतो, आणि ज्यांनीं महिनोन्महिने काटकसर करून चार पैसे मागें टाकलेले असतात, ते वडील त्या मोठ्या आंकड्यापुढें मुकाट्यानें मान तुकवितात. मुलगा खोटें बोलत नसतो, व वडीलही भोळे नसतात. पण त्या आंकड्याचा अर्थ काय, हें दोघांसही कोणीं समजावून दिलेलें नसतें.

तेव्हां चित्र काढणारास खरोखर किती मेगापिक्सेल लागतात, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारास घेतों. आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकावें हें बरें. साध्या गृहस्थास १२ ते २४ मेगापिक्सेल पुरून उरतात. त्याहून मोठ्या आंकड्यासाठीं जो पैसा खर्च होतो, तो चित्रें छापण्याकडे व जतन करण्याकडे लाविल्यास त्या कुटुंबाचें अधिक हित होईल. हें मत वाचकांनीं केवळ आमच्या शब्दावर मान्य करूं नये. पुढील हिशेब आमच्या विद्यार्थिमित्रांनीं कागदपेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावे.

प्रथम पिक्सेल म्हणजे काय तें पाहूं. अंगणांत घातली जाणारी ठिपक्यांची रांगोळी आपणां सर्वांस परिचित आहे. आडव्या व उभ्या ओळींत ठिपके मांडावयाचे, व त्यांच्या आधारानें आकृति उठवावयाची. कॅमेऱ्यांतील चित्रही असेंच ठिपक्यांचें असतें. भिंगामागें पूर्वीं मसाला लावलेली कांच किंवा फिल्म असे. तिच्या जागीं आतां सिलिकॉनची एक लहानशी चौकोनी चिप असते, आणि तीवर प्रकाश टिपणाऱ्या लक्षावधि सूक्ष्म घरांच्या ओळी असतात. एका घरानें टिपलेला प्रकाश म्हणजे चित्राचा एक ठिपका. यासच पिक्सेल म्हणतात, आणि दहा लाख पिक्सेलांचा एक मेगापिक्सेल होतो. ४००० ठिपक्यांच्या ३००० ओळी असल्या, म्हणजे १,२०,००,००० ठिपके, अर्थात् १२ मेगापिक्सेल झाले.

या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तो क्रमानें वाचणारी चिप शोधून काढली. त्याबद्दल २००९ सालीं त्यांस पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण इंजिनियरानें असली चिप बसवून एक कॅमेरा तयार केला. त्याचें चित्र अवघें १०० ठिपक्यांच्या १०० ओळींचें, म्हणजे १०,००० ठिपक्यांचें होतें, आणि तें एका कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. १९९९ सालीं निकॉन कंपनीनें काढलेल्या डी-१ या कॅमेऱ्यांत २७ लाख ठिपके होते, व वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार त्यावर काम करूं लागले. पुढें हा आंकडा झपाट्यानें वाढला. २०१५ सालीं कॅननच्या एका कॅमेऱ्यानें ५० ची, व २०१९ सालीं सोनीच्या एका कॅमेऱ्यानें ६० ची मर्यादा ओलांडली. फोनांत तर २०१२ सालीं नोकियानें ४१, २०२० सालीं सॅमसंगनें १०८ व २०२३ सालीं २०० मेगापिक्सेलांपर्यंत मजल मारली.

यांतील पहिली वाढ खरोखर मोलाची होती, हें निर्विवाद आहे. भुकेल्या माणसास पहिली भाकरी अमृतासारखी लागते, दुसरी गोड लागते, तिसरीनें पोट भरतें. पुढें आग्रह झाला तर ती पानांतच राहते. दहा हजार ठिपक्यांवरून वीस लाखांवर येणें ही पहिली भाकरी होती. वीस लाखांवरून सव्वा कोटीवर येणें ही दुसरी आणि तिसरी. त्यापुढचा प्रत्येक घांस पोटासाठीं आहे कीं पंगतींतील मानासाठीं, याचा विचार केला पाहिजे.

आतां हिशेबाकडे वळूं. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले, कीं चित्रांतील बारकावा दुप्पट झाला असें आपणांस वाटतें. परंतु ठिपके लांबींत व रुंदींत वांटले जातात. १२ मेगापिक्सेलांच्या चित्राच्या एका ओळींत ४००० ठिपके असतील, तर त्याच आकाराच्या २४ मेगापिक्सेलांच्या चित्रांत सुमारें ५६५७ असतात. म्हणजे वाढ दीडपटही नाहीं. बारकावा दुप्पट करावयाचा तर ठिपके चौपट, म्हणजे ४८ मेगापिक्सेल व्हावे लागतात. आणि २०० चा आंकडा १२ च्या जवळ जवळ सतरापट असला, तरी एका ओळींतील ठिपके चौपटीहून किंचितच अधिक होतात. क्षेत्रफळाचा हा साधा नियम आमच्या शाळेंतील आठवीचा विद्यार्थीही सांगूं शकेल. पण जाहिरात वाचतांना त्याची आठवण कोणास होते?

शिवाय, चित्र शेवटीं कोठें पाहिलें जाणार, हा प्रश्न आहेच. चांगल्या छपाईस एका इंचांत ३०० ठिपके पुरतात असा छापणारांचा सामान्य संकेत आहे. त्या मानानें ४ इंच रुंद व ६ इंच लांब अशा नेहमींच्या फोटोस १२०० गुणिले १८००, म्हणजे २१,६०,००० ठिपके लागतात. ए-४ आकाराचा पूर्ण कागद भरावयाचा तर सुमारें ८७ लाख. ७ इंच रुंद व साडेनऊ इंच लांब असें मासिकाचें अख्खें पान व्यापणाऱ्या चित्रास सुमारें ६० लाख ठिपके पुरे. घरांतील फुल एचडी दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, व त्याहून भारी अशा फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. म्हणजे तुमचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलांचा असला तरी तो भारी पडदाही त्यांतील २४ ठिपक्यांमागें एकच दाखवूं शकतो. बाकीच्यांचा समावेश त्या एकांतच करून टाकावा लागतो. आणि आपण निरोपाच्या अ‍ॅपमधून मामास किंवा मावशीस चित्र धाडतों, तेव्हां तें बहुधा लहान करूनच पाठविलें जात असल्यानें विकत घेतलेले पुष्कळसे ठिपके वाटेंतच गळतात.

“पण मोठें चित्र करावयाचें असेल तर?” असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर आपल्या डोळ्यांतच आहे. निरोगी मनुष्याच्या डोळ्यास दोन ठिपके वेगळे दिसावयास त्यांच्यामध्यें एका अंशाच्या साठाव्या भागाइतकें अंतर लागतें. हातांतील पुस्तकाच्या अंतरावर, म्हणजे २५ सेंटिमीटरांवर, हें अंतर सुमारें ०.०७ मिलिमीटर भरतें. एका मीटरावर सुमारें ०.३ मिलिमीटर, आणि दहा मीटरांवर जवळ जवळ ३ मिलिमीटर. चित्र जसजसें मोठें होतें, तसतसा पाहणारा मागें सरतो. भिंतीएवढें चित्र कोणी नाक लावून पाहत नाहीं. चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जेवढें अंतर, तेवढ्याच अंतरावर उभें राहून तें पाहिलें असें धरलें, तर ३ ला २ या प्रमाणाच्या चित्रास डोळ्याची हौस पुरविण्यास सुमारें ५५ लाख ठिपके पुरतात. मौज ही कीं, चित्र पोस्टकार्डाएवढें असो कीं नाटकगृहाच्या पडद्याएवढें असो, हा आंकडा बदलत नाहीं. चौकांतील प्रचंड जाहिरातफलकाजवळ जाऊन पाहा. वाटाण्याएवढे ठिपके दिसतील. तोच फलक रस्त्याच्या पलीकडून निखालस गुळगुळीत वाटतो.

आतां ठिपके वाढविण्याची किंमत काय पडते तें पाहूं. कॅमेऱ्याची चिप म्हणजे एक अंगण आहे असें समजा, आणि प्रकाश म्हणजे त्यावर पडणारा पाऊस. अंगणांत बारा मोठीं घंगाळें मांडलीं काय किंवा दोनशें वाट्या मांडल्या काय, अंगण तेवढेंच व पाऊसही तेवढाच. भर पावसांत वाट्याही भरतील. पण रिमझिम असली, तर एका वाटींत चार थेंब, दुसरींत दोन, तिसरींत सात, असा विस्कळितपणा येतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत फोनानें काढलेल्या चित्रांत जी रवाळ कुसळें दिसतात, त्यांचें एक मुख्य कारण हेंच. व्यवसायाच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद अशी चिप असते. फोनांतील २०० मेगापिक्सेलांची चिप लांबीला दहा मिलिमीटरांच्या आंतबाहेरच असते. अंगणाचा आकार हा खरा गुण. पण तो फलकावर क्वचितच सांपडतो.

फोन करणारे मूर्ख नाहींत. त्यांस ही अडचण ठाऊक आहे. म्हणून २०० मेगापिक्सेलांचा फोन नेहमींच्या वापरांत सोळा सोळा वाट्यांतील पाणी एका भांड्यांत ओतून मगच चित्र करितो. दोनशेंस सोळांनीं भागा: साडेबारा आले. जाहिरातींत २०० आणि हातांत पडणाऱ्या चित्रांत सुमारें १२! यांत फसवणूक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. भर उजेडांत पूर्ण २०० घेण्याची सोय त्या फोनांत असते, व गरजेप्रमाणें ठिपके एकत्र करणें हें शहाणपणाचेंच काम आहे. परंतु ज्यांतून शेवटीं १२ च निघणार, त्या २०० साठीं घरांत रुसवेफुगवे कां व्हावे?

भिंगाचीही एक मर्यादा आहे, व ती कोणत्याही कारखानदारास ओलांडतां येत नाहीं. प्रकाश लहानशा छिद्रांतून जातांना किंचित् पसरतो. त्यामुळें अतिशय निर्दोष भिंगही एका बिंदूचें चित्र बिंदूएवढें न देतां एक लहानशी टिकली देतें. फोनाच्या चांगल्या भिंगांत त्या टिकलीची रुंदी सुमारें २.३ मायक्रोमीटर पडते, आणि २०० मेगापिक्सेलांच्या चिपेवरील एका घराची रुंदी अवघी ०.६ मायक्रोमीटर असते. म्हणजे एकेक टिकली जवळ जवळ चार घरांवर पसरते. जो बारकावा भिंगानें आणलाच नाहीं, तो चिपेनें कोठून दाखवावा? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? यांत चित्र काढणाराच्या हाताचा कंप व भिंगावर उमटलेला बोटांचा तेलकट ठसा यांची भर घाला, म्हणजे मोठ्या आंकड्यांतून हातीं काय उरतें याची कल्पना येईल.

या धंद्यांतील जाणत्या लोकांचें वर्तनही हेंच सांगतें. ॲपल कंपनीनें २०१५ पासून २०२१ पर्यंत आपल्या आयफोनांच्या मुख्य कॅमेऱ्यास १२ मेगापिक्सेलच ठेविले. तरी त्या सहा वर्षांत त्या फोनांचीं चित्रें उत्तरोत्तर सुधारत गेलीं, कारण सुधारणा भिंगांत, चिपेंत व आंतील गणितांत झाली. कॅनन कंपनीनें २०२४ सालीं खेळांच्या व वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीं आपला सर्वश्रेष्ठ असा आर-१ कॅमेरा काढला. त्यास २४ मेगापिक्सेल आहेत. त्याच कंपनीचे त्याहून स्वस्त असे ४५ मेगापिक्सेलांचे कॅमेरे असतांना, ज्यांची भाकरी चित्रावर अवलंबून आहे त्यांच्यासाठीं तिनें २४ च पुरेसे मानिले. वेग, अंधारांतील चोखपणा आणि भरंवसा यांस त्या लोकांनीं अधिक किंमत दिली.

दुसरी बाजू न मांडणें अन्यायाचें होईल. अधिक ठिपके निरुपयोगी आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. रानांतील पक्ष्यांचीं चित्रें काढणारा पक्ष्याजवळ जाऊं शकत नाहीं. त्यास चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करावा लागतो, व तेथें ४५ किंवा ६० मेगापिक्सेल खरोखर उपयोगी पडतात. वर्गाच्या समूहचित्राचाच विचार करा. एका रांगेंत बारा मुलें उभीं आहेत व ओळींत ६००० ठिपके आहेत, तर प्रत्येकाच्या वांट्यास ५०० येतात, व त्यांतून एकट्याचा चेहरा वेगळा काढून लहानसा फोटो छापतां येतो. ओळींत दोनच हजार ठिपके असते, तर तें साधलें नसतें. जुन्या पोथ्या, मोडी कागद, ताम्रपट यांच्या प्रती घेतांना अक्षराचा फराटा व कागदाची घडी हीं वेगळीं ओळखतां यावीं म्हणून जितके ठिपके मिळतील तितके हवेच असतात.

याहूनही मोठीं उदाहरणें आहेत. ॲम्स्टरडॅम येथील राइक्स म्युझियमनें रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या प्रचंड चित्राची जी प्रतिकृति २०२२ सालीं प्रसिद्ध केली, ती ७१७ अब्ज ठिपक्यांची आहे. रंगाचे कण व सूक्ष्म भेगा तपासून चित्राची डागडुजी करतां यावी हा तिचा हेतु. चिली देशांतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत ३२०० मेगापिक्सेल आहेत, व २०२५ सालीं त्याचीं पहिलीं चित्रें जगापुढें आलीं. कारण आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच वेळीं टिपून त्यांतील मंद तारका ओळखावयाच्या आहेत. अमेरिकेंतील सिन्सिनाटी शहराचा नदीकांठ १८४८ सालीं फाँटेन व पोर्टर या दोघांनीं चांदीच्या मुलाम्याच्या आठ पत्र्यांवर टिपला. त्यांतील एका मनोऱ्यावरचें घड्याळ पत्र्यावर सुमारें एक मिलिमीटराएवढें असूनही सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांतली वेळ वाचतां येते. बारकाव्याचें मोल हें असें असतें. परंतु या प्रत्येक ठिकाणीं काय पाहावयाचें हें आधीं ठरलें व किती ठिपके हवे हें त्यावरून मागाहून ठरलें. आपण बाजारांत नेमकें याच्या उलट करितों.

आणि थोड्या ठिपक्यांनीं काय साधलें आहे तेंही पाहा. १९५७ सालीं अमेरिकेच्या सरकारी मापनसंस्थेंत रसेल कर्श यांनीं गणकयंत्राकडून पहिलें छायाचित्र वाचवून घेतलें. तें चित्र त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचें होतें. १७६ ठिपक्यांच्या १७६ ओळी, सारे मिळून एकतीस हजारही नव्हेत. तरी त्या बाळाचे टपोरे डोळे आजही पाहणारास ओळखूं येतात. हबल दुर्बिणीनें १९९५ सालीं गरुड तेजोमेघांतील धुळीच्या स्तंभांचें जें जगप्रसिद्ध चित्र दिलें, तें ज्या कॅमेऱ्यानें घेतलें त्यांत ८०० गुणिले ८०० ठिपक्यांच्या चार चिपा होत्या. चारी मिळून सुमारें २६ लाख. २०१२ सालीं मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीच्या डोलकाठीवरील रंगीत कॅमेरे १६०० गुणिले १२०० ठिपक्यांचे आहेत. आणि १९९० च्या फेब्रुवारींत व्हॉयेजर-१ या यानानें सुमारें ६०० कोटि किलोमीटरांवरून मागें वळून जें चित्र घेतलें, त्यांत आपली सारी पृथ्वी एका ठिपक्याच्या आठव्या हिश्श्याएवढी आहे! तरी त्या चित्रानें मनुष्यास आपल्या घराविषयीं जें शिकविलें, तें कोट्यवधि ठिपक्यांच्या कित्येक चित्रांनीं शिकविलेलें नाहीं.

येथवर गणित झालें. आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते तिकडे पालकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. आजच्या घरांत चित्रांचा तुटवडा नाहीं. टिकाऊ चित्रांचा आहे. आजोबांच्या वेळीं वर्षांतून एकदां फोटो निघत असे, आणि तो भिंतीवर किंवा ट्रंकेंत पन्नास वर्षें राहत असे. आज एका बारशास चारशें चित्रें निघतात, आणि फोन पाण्यांत पडला किंवा चोरीस गेला, कीं त्यांतील एकही उरत नाहीं. मोठ्या आंकड्याची हौस या अनर्थास हातभार लावते. १२ मेगापिक्सेलांचें चित्र साधारणतः थोड्या मेगाबाइटांत मावतें. पूर्ण २०० मेगापिक्सेलांच्या चित्रास त्याच्या कित्येक पटींनीं जागा लागते. मग फोन भरतो. जागा करण्यासाठीं घाईघाईनें चित्रें पुसलीं जातात. आणि कोणतें ठेवावें व कोणतें टाकावें याचा विचार करावयास कोणास सवड नसते. ज्या ठिपक्यांसाठीं अधिक पैसे मोजले, तेच शेवटीं आजीचें एकुलतें एक चांगलें चित्र पुसून टाकण्यास कारण होतात.

होमाई व्यारावाला यांचें नांव या संबंधांत आठवतें. १९१३ सालीं नवसारी येथें जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकलेल्या या बाई भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. देश स्वतंत्र होतांनाचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें आज आपण पाहूं शकतों, याचें श्रेय त्यांच्या नजरेस व कौशल्यास आहेच. पण निगेटिव्ह जपून ठेविल्या गेल्या, या साध्या गोष्टीसही तें तितकेंच आहे. चित्र घेतलें आणि राखलें नाहीं, तर घेतल्याचें सार्थक काय?

म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, नवा फोन किंवा कॅमेरा घेतांना दुकानदारास “मेगापिक्सेल किती?” हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावा. आधीं संध्याकाळच्या उजेडांत, दुकानाच्या दारांत उभें राहून, एखाद्या हलत्या माणसाचें चित्र घेऊन पाहावें. मुलास पक्षिनिरीक्षणाचा छंद असेल किंवा चित्रें मोठीं करून भिंतीवर लावावयाचीं असतील, तर अधिक ठिपक्यांसाठीं खुशाल पैसे मोजावे; तो खर्च व्यर्थ नव्हे. तसें कांहीं नसेल, तर १२ ते २४ मेगापिक्सेलांवर समाधान मानून उरलेल्या पैशांचा एक भाग छपाईसाठीं बाजूस ठेवावा. वर्षाकांठीं चोवीस चित्रें निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावीं. बाकीच्यांच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या जागीं ठेवाव्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीं एक काम आहे, ज्यास एकही मेगापिक्सेल लागत नाहीं. येत्या सुटींत आजीआजोबांपाशीं बसा, ट्रंकेंतील जुने फोटो बाहेर काढा, आणि प्रत्येकांत कोण कोण आहे, तो कोणत्या गांवीं व कोणत्या वर्षीं काढला, हें त्यांच्या तोंडून ऐकून फोटोच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहून ठेवा. कितीही स्पष्ट चित्र असलें, तरी त्यांतील माणसाचें नांव सांगणारें कोणी उरलें नाहीं, कीं तें दोन पिढ्यांत परक्याचें होतें. अंधुक फोटोच्या मागें नांव असलें, तर तो आपला राहतो. हें काम ज्यांस सांगतां येतें तीं माणसें आज घरांत आहेत. तें पुढच्या वर्षावर टाकूं नका.